राखण कशाची, पहारा कोणावर?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर विज्ञान शिकवत राहिले. प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहायचं, हा त्यांचा आग्रह त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तोच आग्रह पाळून मी आज घडलेल्या गोष्टींच्या आधारे बोलणार आहे.

विषय आहे विद्यापीठांतलं संशोधन परक्या हातांपासून कसं राखायचं हा. आपल्याकडे हा विषय बहुधा दोनच प्रसंगी निघतो. कुणाला हेरगिरीच्या आरोपावरून पकडलं की, किंवा सीमेवर चकमक झाली की. दोन्ही वेळी डोकी तापलेली असतात, आणि तापल्या डोक्याने केलेले नियम पुढे वर्षानुवर्षं निरपराध माणसांना जाचत राहतात. म्हणून मी मुद्दाम एका दूरच्या, लहान देशाची हकीकत निवडली आहे. तो देश नेदरलँड्स, आपण ज्याला हॉलंड म्हणतो. गेल्या पन्नास वर्षांत या देशाच्या हातून या बाबतीत मोठ्या चुका झाल्या, आणि त्या चुकांतून काही चांगल्या व्यवस्थाही उभ्या राहिल्या. त्यातल्या पहिल्या चुकीचा परिणाम आपल्या उपखंडाने भोगला आहे.

अब्दुल कादिर खान यांचं नाव आपल्याला पाकिस्तानच्या अणुबाँबमुळे ठाऊक आहे. त्यांचा जन्म १९३६ मधला, भोपाळचा. १९५२ मध्ये ते पाकिस्तानात गेले, पुढे शिकायला युरोपात आले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून १९६७ मध्ये ते धातुशास्त्राचे अभियंते झाले आणि १९७२ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी ॲमस्टरडॅममधल्या एफडीओ नावाच्या संशोधन प्रयोगशाळेत त्यांना नोकरी लागली. ही प्रयोगशाळा युरेन्को कंपनीची कामं घेत असे. ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी १९७० मध्ये आल्मेलो या डच गावी केलेल्या करारातून युरेन्को जन्माला आली होती, आणि तिचं काम होतं युरेनियम समृद्ध करणं.

इथे थोडं थांबून यंत्र समजून घ्यायला हवं, कारण आजच्या विषयाचा गाभा त्या यंत्रात आहे. खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी पडणारं यू-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. वीजकेंद्रांतल्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागतं, बाँबला ९० टक्क्यांच्या आसपास. ते वाढवायचं तर युरेनियमचा वायू करून तो प्रचंड वेगाने फिरणाऱ्या उभ्या नळकांड्यांत सोडतात. जड अणू बाहेरच्या बाजूला सरकतात, हलके मध्याशी राहतात, आणि हे पुन्हापुन्हा, एका नळकांड्यातून दुसऱ्यात असं करत गेलं की प्रमाण वाढत जातं. वीज करणाऱ्याचं यंत्र आणि बाँब करणाऱ्याचं यंत्र एकच असतं. ती नळकांडी कशी जोडली आणि किती वेळ चालवली, एवढाच काय तो फरक. म्हणजे नुसतं यंत्र पाहून त्याच्यामागचा हेतू कळत नाही. आज ड्रोन, जनुकशास्त्र, क्वांटम संगणन, कृत्रिम बुद्धिमत्ता या सगळ्या क्षेत्रांत नेमकी हीच अडचण आहे.

१८ मे १९७४ ला आपण पोखरणला अणुस्फोट केला. त्याच वर्षी सप्टेंबरात खान यांनी पंतप्रधान भुट्टो यांना पत्र लिहून आपलं ज्ञान देऊ केलं. आणि त्याच शरद ऋतूत त्यांना आल्मेलोच्या कारखान्यात सोळा दिवसांसाठी पाठवण्यात आलं. जर्मन शास्त्रज्ञांच्या नव्या यंत्राचे कागद भाषांतरित करायचे होते आणि खान यांना जर्मन व डच दोन्ही येत होत्या. त्यांच्याकडची परवानगी मर्यादित कामापुरतीच होती. पण काम अडलं होतं, भाषा जाणणारा हुशार आणि मनमिळाऊ माणूस हाताशी होता, आणि परवानगीचा कागद तपासत बसायला कुणाला सवड नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये खान सुटीवर म्हणून पाकिस्तानात गेले ते परतलेच नाहीत. कहुटाचा युरेनियम समृद्ध करण्याचा प्रकल्प त्यानंतर उभा राहिला.

या हकीकतीतला माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा माणूस खान नव्हे. तो माणूस म्हणजे फ्रित्स फेरमन. फेरमन त्याच प्रयोगशाळेत तांत्रिक छायाचित्रकार होते. खान यांच्याशी त्यांची मैत्री होती, घरी जाणंयेणं होतं, एकत्र जेवणं होत. त्या घरी त्यांना यंत्राचे आराखडे दिसले, जे प्रयोगशाळेबाहेर असायला नको होते. खान यांचे प्रश्न, छायाचित्रं काढून देण्याची विनंती, हे सगळं त्यांना खटकलं. मित्राबद्दल असा संशय घेणं त्यांना किती जड गेलं असेल याची कल्पना करा. तरीही त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं की असलं काही बोलत जाऊ नका. पुढे १९७८ मध्ये त्यांची नोकरी गेली. ज्याने धोक्याची सूचना दिली, त्याचीच सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि त्यालाच गप्प राहायला बजावलं. त्यांच्यावर अन्याय झाला हे नेदरलँड्सच्या अधिकृत संस्थेने मान्य केलं ते चार दशकांनी, ते म्हातारे झाल्यावर.

खान यांना १९८३ मध्ये डच न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत चार वर्षांची शिक्षा ठोठावली. १९८५ मध्ये अपिलात ती रद्द झाली, कारण समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं. १९७५ मध्ये आर्थिक व्यवहार मंत्री असलेल्या आणि पुढे पंतप्रधान झालेल्या रूड लुबर्स यांनी २००५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की खान यांना अटक करू नका, माणसावर नजर ठेवायची आहे, असं अमेरिकन गुप्तचर संस्थेने त्या वेळी सुचवलं होतं. म्हणजे माहिती प्रयोगशाळेकडे होती, सरकारकडे होती, दोस्त राष्ट्राकडेही होती. आणखी भिंती, आणखी कुलपं, आणखी पहारेकरी यांनी त्या वेळी काय बदललं असतं? एका छायाचित्रकाराचं म्हणणं कुणी गंभीरपणे लिहून घेतलं असतं, तर पुष्कळ काही बदललं असतं.

आता तीस वर्षं पुढे येऊ. २००६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने इराणवर निर्बंध लादले. इराणी नागरिकांना अणुविषयक संवेदनशील शिक्षण देताना दक्षता घ्या, असं त्यात सदस्य राष्ट्रांना सांगितलं होतं. खान प्रकरणाची सल मनात असलेल्या नेदरलँड्सने दक्षतेचा अर्थ बंदी असा घेतला. २००८ पासून इराणी नागरिकत्व असलेल्या कुणालाही काही ठरावीक अणुसंस्थांत पाऊल ठेवता येईना आणि काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांना बसता येईना. डच नागरिकत्वही असलेली, त्याच देशात वाढलेली माणसं यात सापडली, कारण इराण आपलं नागरिकत्व सहजासहजी सोडू देत नाही. यांतले कित्येक जण तेहरानच्या राजवटीला कंटाळून, काही तर जीव वाचवून, आलेल्या कुटुंबांतले होते. ज्या सत्तेपासून ते पळाले, तिचेच हस्तक म्हणून त्यांच्याकडे पाहिलं गेलं.

त्यांच्यातले काही जण न्यायालयात गेले. २०१० मध्ये हेगच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं, तिथेही हरलं. डिसेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द सांगितला की केवळ राष्ट्रीयत्वावरून सरसकट केलेला हा भेदभाव बेकायदा आहे. धोका खोटा आहे असं न्यायालय म्हणालं नाही. माणूस काय शिकणार आहे, कशाला हात लावणार आहे, त्याचे संबंध कुणाशी आहेत, हे न तपासता पासपोर्टच्या रंगावर निर्णय घेणं न्यायालयाला मान्य झालं नाही.

मला या दोन घटना एकमेकींना जोडलेल्या वाटतात. १९७५ मध्ये यंत्रणेने एका माणसाचं प्रत्यक्ष वर्तन पाहायचं नाकारलं. २००८ मध्येही तिने माणसांचं वर्तन पाहायचं नाकारलं, फक्त उलट्या दिशेने. आधी सगळ्यांना आत घेतलं, मग एका देशाच्या सगळ्यांना बाहेर ठेवलं. दोन्ही वेळी एकेका माणसाकडे, एकेका कामाकडे लक्ष देण्याचे कष्ट टाळले गेले.

हेच अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. छ्येन शुएसेन हे कॅलिफोर्निया तंत्रसंस्थेतले थोर वायुगतिशास्त्रज्ञ, तिथल्या सुप्रसिद्ध जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या पायाभरणीतले एक. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेतला गेला. पुढची पाच वर्षं ते जवळजवळ नजरकैदेत होते. १९५५ मध्ये अमेरिकेने त्यांना चीनला जाऊ दिलं, आणि चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. अमेरिकेने आपल्याच हाताने प्रतिस्पर्ध्याला इतका मोठा शास्त्रज्ञ दिला.

तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्या न्याय खात्याने ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची मोहीम काढली. चिनी सरकारकडून होणाऱ्या चोरीला आळा घालणं हा तिचा उद्देश, आणि तशी चोरी होत नव्हती असं नाही. पण हळूहळू कुठल्या अर्जात चीनमधलं कुठलं मानद पद लिहायचं राहिलं, यावरून प्राध्यापकांवर फौजदारी खटले भरले जाऊ लागले. एमआयटीतले प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली आणि वर्षभराने सरकारने सगळे आरोप मागे घेतले. टेनेसी विद्यापीठातले अनमिंग हू निर्दोष सुटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोहीमच बंद करावी लागली. याच काळात हार्वर्डचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांनी चीनकडून मिळालेले पैसे आणि करार यांबद्दल तपास अधिकाऱ्यांना खोटं सांगितल्याचं न्यायालयात सिद्ध झालं. लीबर चिनी वंशाचे नाहीत. वंश पाहून शोधणाऱ्याच्या नजरेतून असा माणूस सहज निसटू शकतो.

आता मी नेदरलँड्समधल्या दुसऱ्या एका धोक्याकडे वळतो. यात हेरही नाही आणि आराखडेही नाहीत, पण आपल्या महाविद्यालयांना तो उद्याच भेडसावू शकतो.

ऑक्टोबर २०१९ च्या मध्यावर मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या एका लॅपटॉपवर कुणीतरी एका ईमेलमधली लिंक उघडली. तेवढ्याने चोर आत आले. जवळजवळ दोन महिने ते कुणाच्या लक्षात न येता विद्यापीठाच्या जाळ्यात फिरत राहिले, कुठल्या सर्व्हरवर काय आहे याचा नकाशा तयार करत राहिले. २३ डिसेंबरला, नाताळच्या सुटीच्या तोंडावर, त्यांनी २६७ सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद करून टाकली. काही महत्त्वाच्या साठ्यांच्या राखीव प्रतीही त्याच जाळ्याला जोडलेल्या असल्याने त्याही गेल्या. परीक्षा तोंडावर, पगार व्हायचे, प्रबंधांसाठी वर्षानुवर्षं गोळा केलेला विदा, म्हणजे डेटा, हाताबाहेर. विद्यापीठाने आठवडाभर विचार करून ३० बिटकॉइन, म्हणजे सुमारे २ लाख युरो, खंडणी भरली.

खंडणी भरायला हवी होती की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. माझं स्वतःचं मत विरुद्ध आहे, कारण एकाने दिलेली खंडणी दुसऱ्यावरच्या हल्ल्याचा खर्च भागवते. पण विद्यापीठाने नंतर जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांनी खुली परिषद भरवली. काय झालं, कुठे चुकलं, तपासणाऱ्या कंपनीच्या अहवालात काय आहे, हे सगळं इतर विद्यापीठांपुढे आणि पत्रकारांपुढे ठेवलं. पोलिसांनी खंडणीतला काही भाग युक्रेनमधल्या एकाच्या खात्यात शोधून गोठवला होता. तेव्हा त्याची किंमत ४० हजार युरो होती. २०२२ मध्ये तो परत मिळाला तेव्हा बिटकॉइनचा भाव चढून तो ५ लाखांच्या घरात गेला होता. ते पैसे गरजू विद्यार्थ्यांसाठी वापरायचं विद्यापीठाने ठरवलं.

जानेवारी २०२५ मध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठावर असाच हल्ला झाला. आइंडहोव्हन आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचं असेल. तिथल्या चिपयंत्रांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांत मराठी मुलंमुली मोठ्या संख्येने काम करतात. कुठेतरी आधीच फुटलेले पासवर्ड वापरून चोर आत शिरले होते. शनिवारी रात्री तंत्रज्ञांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विद्यापीठाचं सगळं जाळं स्वतःच बंद केलं. आठवडाभर वर्ग भरले नाहीत, पण खंडणीची वेळ आली नाही. शनिवारी रात्री एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं जाळं बंद करायचं, तर तसा अधिकार कुणाच्या तरी हातात आधीच असावा लागतो. आपल्याकडे असा अधिकार कुणाकडे आहे?

हे दोन्ही हल्ले पैशासाठी केल्यासारखे होते. परक्या सरकारांसाठी काम करणारेही याच दारातून येतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने नऊ इराण्यांवर आरोपपत्र ठेवलं. प्राध्यापकांना त्यांच्याच विद्यापीठाच्या लॉगिनच्या पानासारखं हुबेहूब दिसणारं पान पाठवून पासवर्ड काढून घेतले, अमेरिकेतली १४४ विद्यापीठं आणि इतर देशांतली आणखी १७६ लक्ष्य केली आणि ३१.५ टेराबाइट माहिती नेली, असा तो आरोप होता. लॉगिनचं पान निवडण्यात किती विचार आहे पाहा. त्या पानावर कुठलाही प्राध्यापक दिवसातून चारदा जातो आणि तिथे संशय घ्यायची सवय कुणालाच नसते. आपलीही एक घटना आहे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये सर्व्हर कुलूपबंद झाले आणि सुमारे पंधरा दिवस देशातल्या अग्रगण्य वैद्यकीय संस्थेत नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामं कागदावर चालली. रुग्णांचे हाल झाले ते आपण पाहिले. तिथे जो संशोधनाचा विदा असतो, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

धोक्याचा तिसरा प्रकार पैशाच्या वाटेने येतो. जानेवारी २०२२ मध्ये डच सार्वजनिक वाहिनीने बातमी दिली की ॲमस्टरडॅमच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’तलं मानवी हक्कांच्या अभ्यासाचं एक केंद्र मुख्यतः चीनमधल्या चोंगचिंगच्या एका विद्यापीठाच्या पैशावर चाललं आहे, वर्षाला अडीच ते तीन लाख युरोंवर. शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांवर अन्याय होत नाही, अशी मांडणी त्या केंद्राकडून होत होती. विद्यापीठाने तातडीने ती देणगी थांबवली. इथे कुठलाही आराखडा चोरीला गेला नाही. गेली ती त्या विद्यापीठाच्या शब्दाची किंमत. इतिहास, समाजशास्त्र, कायदा शिकवणारे प्राध्यापक अनेकदा म्हणतात की आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे. हे प्रकरण त्यांनी मुद्दाम वाचावं.

त्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, नेदरलँड्सच्या विद्यापीठांनी आणि सरकारने मिळून मार्गदर्शक नियम काढले आणि एक मदतकेंद्र उघडलं. मला या केंद्राबद्दल विशेष आस्था आहे. अमुक देशातल्या अमुक संस्थेशी करार करू का, अमुक विद्यार्थ्याला या प्रयोगशाळेत घेऊ का, असा प्रश्न कुठल्याही संशोधकाला तिथे विचारता येतो. अनेक मंत्रालयांची आणि गुप्तचर संस्थांची माहिती एकत्र करून त्याला सल्ला मिळतो, आणि निर्णय विद्यापीठाचाच राहतो. फेरमन यांच्या वेळी असं एखादं टेबल असतं तर ते कुणाकडे जायचं हे त्यांना कळलं असतं. २०२५ मध्ये सरकारने संवेदनशील तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात येणाऱ्यांची तपासणी करण्याच्या कायद्याचा मसुदाही लोकांपुढे ठेवला, आणि त्यात एखाद्या देशाचं नाव घेण्याचं टाळलं. हे मला २०१२ च्या निकालाचं फळ वाटतं.

आता आपल्या अंगणात येतो. मे २०२३ मध्ये पुण्यातल्या एका संरक्षण प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली, ते तुम्हाला आठवत असेल. तो निवाडा न्यायालयाचा आहे, मी त्यावर बोलणार नाही. मात्र ती प्रयोगशाळा कुंपणाआड होती, तिथे पहारेकरी होते, नियमांची जाडजूड पुस्तकं होती. विद्यापीठाला कुंपण नसतं, आणि असूही नये. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी हा प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणींचा संच आहे. जगातला कुठलाही खगोलशास्त्रज्ञ प्रस्ताव पाठवून त्याच्यावर निरीक्षणाचा वेळ मागू शकतो. जून २०२३ मध्ये अतिदीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यात खोडदचा विदा युरोपातल्या दुर्बिणींच्या माहितीबरोबर वापरला गेला होता, आणि त्या दुर्बिणींत नेदरलँड्सची वेस्टरबोर्कचीही होती. हे काम दारं बंद ठेवून झालं नसतं. म्हणून सगळ्यावर पहारा हा मार्गच नाही. अमेरिकेत शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९८५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्या सरकारने धोरण ठरवलं होतं की मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहतील, आणि जिथे खरंच लपवायचं आहे तिथे तो भाग स्पष्टपणे गोपनीय ठरवायचा. मधली धूसर बंधनं घालायची नाहीत. ते धोरण मला आजही योग्य वाटतं.

आपल्याकडे नेमकी धूसर बंधनं पुन्हापुन्हा येतात. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढलं. देशाच्या सुरक्षेशी किंवा अंतर्गत बाबींशी संबंधित विषयावर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी परवानगी, असा त्याचा आशय होता. अंतर्गत बाब म्हणजे काय? दुष्काळ, पाणी, जात, साथीचे रोग, यांतलं काय अंतर्गत नाही? विज्ञान अकादमींनी जाहीर आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ते बंधन मागे घेण्यात आलं. दुसरीकडे ज्याबद्दल नीट कायदा आहे, त्याची माहितीच नसते. स्कोमेट नावाची यादी आहे, तीत दुहेरी वापराची रसायनं, जीवाणू, यंत्रं, तंत्रज्ञान येतं. यादीतल्या तंत्रज्ञानाचा आराखडा परदेशी सहकाऱ्याला ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यात ठरू शकते आणि तिला परवाना लागतो. आपल्या राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किती संशोधकांनी ही यादी उघडून पाहिली असेल? अपराध करण्याची इच्छा नसलेला माणूस नुसत्या अज्ञानाने अडकेल, अशी ही परिस्थिती आहे.

आणि संशयाने काय होतं हे आपण नंबी नारायणन यांच्या प्रकरणात पाहिलं आहे. ३० नोव्हेंबर १९९४ ला इस्रोच्या या शास्त्रज्ञाला हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. त्यांच्या आयुष्यातली मधली चोवीस वर्षं कोणती भरपाई परत देणार? दुसऱ्या देशांनीही आपल्या माणसांना असंच वागवलं आहे. २००६ मध्ये गोवर्धन मेहता, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष, यांना चेन्नईच्या अमेरिकन वकिलातीत तुमच्या रसायनशास्त्राचा उपयोग रासायनिक शस्त्रांसाठी होऊ शकतो, असं ऐकवून व्हिसा नाकारला गेला. आजही ब्रिटनमध्ये संवेदनशील विषयात पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करायला निघालेल्या भारतीय विद्यार्थ्याला आधी तिथल्या परराष्ट्र खात्याकडून ‘एटास’ नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अमेरिकन, जपानी किंवा युरोपीय संघातल्या मुलाला ते लागत नाही. इथे बसलेल्यांपैकी कुणाचा मुलगा, कुणाची भाची त्या प्रमाणपत्राची वाट पाहत असेल. या प्रश्नात आपण दाराच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्या प्रयोगशाळेत कुणाला घ्यायचं हे ठरवताना, परक्या दाराशी आपल्या मुलांना काय वाटतं, ते आपल्या लक्षात असायला हवं.

मग आपण काय करायचं? माझी मागणी मोठ्या कायद्याची नाही. प्रत्येक विद्यापीठात एक माणूस असावा, ज्याच्याकडे कुठलाही संशोधक, तंत्रज्ञ, प्रयोगशाळेतला सहायक, पीएच.डी. करणारी मुलगी न घाबरता जाऊन सांगू शकेल की मला हे खटकतंय. त्याने ते लिहून घ्यावं, सांगणाऱ्याचं नाव सांभाळावं, आणि ज्याच्याबद्दल सांगितलं त्याचंही म्हणणं ऐकावं. या माणसाला स्कोमेट यादी पाठ असावी आणि परदेशी करार त्याच्या नजरेखालून जावेत. तो कुणाच्या आडनावावरून, धर्मावरून किंवा पासपोर्टवरून मत बनवणारा नसावा. हल्ला झालेला दिसला तर रविवारी पहाटेही जाळं बंद करण्याचा लेखी अधिकार संगणक विभागाला असावा. राखीव प्रतींपैकी एक तरी प्रत जाळ्यापासून पूर्ण वेगळी असावी. मास्ट्रिख्टला ती शिकवण २ लाख युरोंना पडली.

आणि परदेशी संस्थेशी सामंजस्य करार पुढे येईल तेव्हा त्यावर सही करणाऱ्याने आधी चार गोष्टी विचाराव्यात. पैसे नेमके कुणाचे, विदा कुणाच्या ताब्यात राहणार, निष्कर्ष छापायला कुणी हरकत घेऊ शकतं का, आणि उद्या बाहेर पडायचं तर कसं. आज हे करार बहुतेक ठिकाणी समारंभाच्या दिवशी, पुष्पगुच्छ हातात असताना सह्या होऊन जातात, आणि त्यांची प्रत नंतर कुलसचिवांच्या कार्यालयातही सापडत नाही. हे बदलायला दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ते घेता येतं, आणि इथे बसलेल्यांपैकी जे त्या परिषदेवर आहेत, त्यांना माझी तीच विनंती आहे.